अण्णांना कधीच काही झालं नाही

आमचे थोरले दीर, म्हणजे अण्णा, कुणाच्या घरी तान्हं मूल आलं की तिथे हजर व्हायचे आणि चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "पोर कुठाय?" बाळंतिणीची चौकशी, पाणी, चहा या भानगडी नंतर. सरळ पाळण्याशी जायचे आणि मधाची वाटी मागायचे. उजव्या हाताच्या बोटात जाड सोन्याची अंगठी होती. ती बोटासकट मधात बुडवायची, आधी स्वतः चोखून बघायची, पुन्हा बुडवायची आणि बाळाच्या तोंडात घालायची. नुसती टेकवायची नाही, घालायची. बाळ बिचारं ओकारी काढायचं. अण्णा आजूबाजूला बघून म्हणायचे, "बघा कसं मागतंय अजून."

आमच्या सातारच्या बाजूला एक समज आहे. बाळाला पहिला मध जो चाटवतो त्याचा स्वभाव बाळात उतरतो. म्हणून घरातलं चांगलं, शहाणं माणूस बघून त्याच्याकडून चाटवतात. आमच्या घरात शहाणी माणसं नव्हती असं नाही. पण अण्णा कायम त्यांच्या पुढे उभे राहायचे, त्यामुळे ती कुणाला दिसली नाहीत. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाड्यांच्या टोळीचे ते मुकादम होते. गावाकडून निम्मी भावकी त्यांनीच इकडे आणली, कुणाला मार्केटात चिकटवलं, कुणाला पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात, कुणाला घणसोली गावात भाड्याची खोली बघून दिली. हे सगळं खरं होतं, आणि तेच वाईट होतं. खोटं असतं तर माणूस लवकर निकालात निघाला असता. खरी कामं केलेल्या माणसाचा फुगा फोडायला फार वर्षं जातात.

या अंगठीच्या जोरावर अण्णांनी सबंध भावकीतल्या पोरांवर मालकी सांगितली. एखादा मुलगा इंजिनीयर झाला की अण्णा पेढा तोंडात टाकत म्हणणार, "माझा मध हाय त्यो." एखादी मुलगी पोलिसात लागली की, "बोट चावलं होतं तिनं माझं, तवाच वळखलं." आणि जे दारू पिऊन गटारात पडले, ज्यांनी बायका सोडल्या, जे दहावीला जाऊन परत आलेच नाहीत, त्यांचं काय? त्यांच्या आईनं म्हणे मध चाटवल्यावर लगेच तोंड पुसलं होतं. असा हिशेब असलेल्या माणसाला कोण काय शिकवणार?

आता त्या वेळची मी कशी होते ते सांगते, म्हणजे अण्णा एवढे का वाढले ते कळेल. अशी माणसं आमच्यासारख्यांच्या खतपाण्यावर वाढतात. लग्न होऊन मी घणसोली गावात एका खोलीत आले. अण्णा दारात दिसले की मी पदर इतका पुढे ओढायची की एकदा चौकटीवर आपटून कपाळाला टेंगूळ आलं. अण्णा म्हणाले, "सून वळणाची हाय." ते टेंगूळ मी आठवडाभर पदकासारखं मिरवलं. अण्णांनी अर्धा ठेवलेला चहा मी मोरीत ओतायची नाही, यांना प्यायला द्यायची. मोठ्या माणसाचा उष्टा चहा, म्हटलं, यांच्यात थोडी धमक तरी येईल. आमचे हे मुकाट्यानं प्यायचे. यांच्यात धमक होतीच, ती चहा मुकाट्यानं पिण्याची होती, पण ते कळायला मला बराच वेळ लागला.

मिलिंद झाला तेव्हा तर मी कहर केला. अण्णा मार्केटातून सुटेपर्यंत मी पोराला पाजायलाच तयार नव्हते. पहिला मध अण्णांचाच. पोर रडून रडून निळं व्हायची वेळ आली. आमची घरमालकीण जानाबाय, मूळची गावातलीच, तिच्या घरापुढे मासळी साफ करत बसलेली असायची. ती हात तसेच घेऊन आत आली आणि म्हणाली, "काय गो, पोराला भुका मारतीस? त्या बटाटंवाल्याचं बोट यवाचं हाय म्हनून?" मी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं देवाला शिवी दिली. संध्याकाळी अण्णा आले, बटाट्याच्या पोत्यांची माती नखांत घेऊन आले, अंगठी बुडवली, चोखली आणि मिलिंदच्या तोंडात घातली. मी डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, आता माझ्या मुलात चाळीस हमालांना एका हाकेत उभं करणारा आवाज उतरला. मिलिंद आज पन्नाशीकडे झुकलाय. हॉटेलात डाळ खारट लागली तर तो वेटरला सांगत नाही, वर पाणी घालून खातो.

अण्णांचा दुसरा अभिमान म्हणजे त्यांना कधी काही होत नाही. ताप नाही, खोकला नाही, पोट बिघडणं नाही. कुणी तब्येत विचारली की त्यांचं एकच उत्तर, "मला काय धाड भरलीया?" आमच्यात कुणी आजारी पडलं की अण्णा बघायला यायचे आणि उशाशी बसून स्वतःच्या निरोगीपणावर बोलायचे. आजारी माणूस अपराध्यासारखा तोंड भिंतीकडे करायचा. त्यांची बायको शकूआक्का, माझी जाऊबाई, या सगळ्यात मांडीवर पिशवी धरून गप्प बसलेली असायची. कुणी तिला चहा विचारला तर अण्णाच सांगायचे, "तिला नको." तिला हवा होता की नको होता हे कुणी तिला विचारल्याचं मला तरी आठवत नाही. मीही विचारलं नाही. मी तेव्हा उष्टे चहा सांभाळण्यात गुंतले होते.

पुढे हे गेले, आम्ही सानपाड्यात फ्लॅट घेतला, मिलिंदचं लग्न उशिरा झालं आणि ऋतुजा घरात आली. ऋतुजाला आई नाही, त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच. मुलगी झाली. हॉस्पिटलात आईवडील आणि आजी सोडून कुणाला आत घेत नव्हते. अण्णा खाली गेटवर खिशात मधाची बाटली घेऊन वॉचमनशी भांडून परत गेले. भावकीत ही बातमी अशी पसरली की जणू त्यांना राज्याभिषेकाला जाताना अडवलं. मला मात्र बरं वाटलं. म्हातारपणी माझ्या डोळ्यांवरचा पदर जरा मागे सरकला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर फारच लख्ख दिसायला लागलंय.

डॉक्टरांनी ऋतुजाला बजावलं होतं, बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नाही, वर्षभर मध तर अजिबात नाही, आणि सर्दीपडशाचं माणूस जवळ येऊ द्यायचं नाही. ऋतुजानं मला सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, की ही सासू आता जुन्या गोष्टी काढून बसणार. मी म्हटलं, तू निश्चिंत राहा. बारशाच्या सकाळी मी घरातला मध तांदळाच्या डब्यात पुरला. बेसिनपाशी नवा साबण आणि नॅपकिन ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, सोसायटीचा नियम आहे, हात धुतल्याशिवाय पाळण्याकडे जायचं नाही. सोसायटीचा नियम म्हटलं की आमच्याकडे माणसं देवाच्या नियमापेक्षा जास्त मानतात. हसत हसत सगळ्यांनी हात धुतले.

अण्णा आले ते नवीन पांढऱ्या कपड्यांत. नाक लाल, डोळ्यांत पाणी, गालात काहीतरी धरलेलं. मी विचारलं, "अण्णा, सर्दी झालीय का?"

"लवंग तिखट लागली. मला काय धाड भरलीया?"

मी बेसिनकडे हात केला आणि नियम सांगितला. त्यांनी आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून सगळ्यांना दाखवले. "ह्या हातांवर निम्मी वाशी उभी राहिलीया, सुमन. हे हात धुवायला सांगतीस?" बायका हसल्या. पुरुषांनी माना डोलावल्या. मध मागितला, मी संपला म्हणून सांगितलं. अण्णांनी खिशातून स्वतःची बाटली काढली. माझी सगळी हुशारी तांदळाच्या डब्यात राहिली.

ऋतुजा पाळण्याशी उभी होती. ती हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अण्णा, मध नको. डॉक्टरांनी नाही सांगितलंय." तिनं मिलिंदकडे बघितलं. मिलिंदनं पंख्याकडे बघितलं. मग म्हणाला, "जाऊ दे ना ऋतू, अण्णा आहेत."

अण्णा मोठ्या मनानं हसले. त्यांनी बाटली परत खिशात टाकली. "बरं बाई, न्हाय लावत मध. तुझ्या डाक्टरचं ऐकलं." आणि अंगठी तोंडात घालून चांगली चोखून, पुसून काढावी तशी काढली आणि बाळाच्या तोंडात घातली. मी घुगऱ्यांचं ताट ठेवून पोचेपर्यंत झालं होतं. "बघ, मध न्हाय लावला," ते ऋतुजाला म्हणाले. सगळे खूश. अण्णा किती समजूतदार, नव्या पिढीचं ऐकतात, असं माझ्या नणंदेच्या सुनेनं मला कानात सांगितलं. बाळाचं नाव सई ठेवलं. ऋतुजा आत जाऊन दार लावून बसली. तिला पाहुण्यांत बसवत नाही, थकवा आलाय, असं मी सांगितलं. थकवा कसला, तिला राग आला होता. मलाही आला होता, पण मला पंगत वाढायची होती.

काही दिवस गेले आणि एका सकाळी सई प्यायली नाही. नुसती कण्हत होती. दुपारपर्यंत अंग तापलं. साधं तापलं नव्हतं. पोर सबंध लाल झाली होती, तळहात आणि तळपाय तर कुंकवात बुडवल्यासारखे. उचलली की किंचाळायची. इतर मुलं कडेवर घेतली की शांत होतात, ही हात लावला की जास्त रडत होती, जणू आमचा स्पर्शच दुखत होता. मी चार-पाच पोरं वाढताना बघितलीत, असं रडणं ऐकलं नव्हतं. अण्णांना कसं कळलं देव जाणे, फोन आला. पोटात वारा धरलाय, बेंबीला हिंग लावा, आणि संध्याकाळी दृष्ट काढायला मी येतो. ऋतुजानं माझ्या हातातला फोन घेतला, बंद केला, पोर दुपट्यात गुंडाळली आणि चपला शोधायला न थांबता माझ्या चपला घालून खाली उतरली. रिक्षात मी तिच्या शेजारी होते. मिलिंद ऑफिसातून परस्पर आला.

वाशीच्या मुलांच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी सईला बघितलं आणि लगेच आत घेतलं. इतक्या लहान बाळाला ताप आला की त्या वाट बघत बसत नाहीत, म्हणाल्या. रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात जंतू गेले असतील तर तासातासाचा प्रश्न असतो. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला पाठवायचं, रिपोर्ट यायच्या आधीच अँटिबायोटिक सुरू करायचं. सलाईन, ऑक्सिजन. त्या बोलत होत्या तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. नखं बारीक कापलेली, हात इतके धुतलेले की कातडी कोरडी पडली होती. सई वाचेल का, असं ऋतुजानं विचारलं. बाई म्हणाल्या, आत्ता एवढंच सांगते की वेळेवर आणलंत.

संध्याकाळी अण्णा आले, मागे पिशवी घेऊन शकूआक्का. कॉरिडॉरमध्ये अण्णांनी बैठक मारली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला ते आजाराची कारणं सांगत होते. एसी. लिफ्टमधली हवा. बाळंतिणीनं डोकं न बांधणं. सातव्या महिन्यात ऋतुजानं खाल्लेली पाणीपुरी, जी मी तिला आणून दिली होती. आत जाऊन पोरीला बघायला परवानगी होती, एकेकाला, पण दारात हात धुवावे लागत होते. अण्णा आत गेले नाहीत. एकदासुद्धा.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि आम्हा सगळ्यांना विचारलं, बाळाच्या जवळ आलेल्या कुणाला मागच्या काही दिवसांत सर्दी, घसा, ताप, जुलाब असं काही झालं होतं का. आठवून सांगा, म्हणाल्या, त्यावरून कोणती तपासणी आधी पाठवायची ते ठरतं.

अण्णा उठून उभे राहिले. "आमच्या घरात आजारी पडायची पद्धत न्हाय, बाई."

बाईंनी मान हलवली आणि वळल्या. तेवढ्यात शकूआक्का बोलली. मांडीवरची पिशवी तिनं शेजारच्या खुर्चीवर ठेवली होती, एवढं मला आठवतं. म्हणाली, "यांना होतं. बारशाच्या आदल्या दिवसापासनं. आधी आमच्या नातवाला झालं, बालवाडीतनं आणलं त्यानं, मग यांना. सर्दी बी आन जुलाब बी. बारशाला येताना रिक्षा दोनदा पेट्रोल पंपावर थांबवली."

अण्णा म्हणाले, "तिला काय कळतंय. ते मसाल्याचं झालं हुतं." डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आक्कासमोर जाऊन बसल्या आणि कधीपासून, ताप होता का, अजून आहे का, बाळाला हात लावला होता का, असं एकेक विचारत गेल्या. आक्का एकेक सांगत गेली. अंगठीचंही सांगितलं. इतकी वर्षं मी तिला ओळखते, पण तिला सलग इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तिचा आवाज चांगला आहे हे मला त्या दिवशी कळलं. जरा घोगरा, पण ठाम. उठताना बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, मणक्याच्या पाण्यातली व्हायरसची तपासणी मी आत्ताच पाठवते.

रिपोर्ट आला. पॅरेकोव्हायरस. नाव ऐकून मिलिंदनं मोबाईल काढला, बाईंनी त्याला तो ठेवायला सांगितला आणि साध्या शब्दांत समजावलं. हा व्हायरस सगळीकडे फिरत असतो. मोठ्यांना, शाळेच्या मुलांना झाला तर थोडी सर्दी, थोडे जुलाब, चार दिवसांत विसरून जातात. कित्येकांना कळतही नाही. पण अगदी तान्ह्या बाळाला झाला तर तो रक्तात पसरतो, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. लाळेतून पसरतो, शीतून पसरतो, न धुतलेल्या हातांतून पसरतो. त्याच्यावर औषध नाही. बॅक्टेरिया सापडले नाहीत, म्हणून अँटिबायोटिक बंद करू, आणि बाळ स्वतः लढून बाहेर येईपर्यंत आपण तिला सांभाळू.

"कुणाकडून आला?" मिलिंदनं विचारलं.

"ते मी खात्रीनं सांगू शकत नाही. आणि आत्ता त्याचा बाळाला उपयोगही नाही."

अण्णांच्या कानावर यातलं एवढंच वाक्य पडलं. बाकीची वाक्यं त्यांच्या कामाची नव्हती. रात्र व्हायच्या आत भावकीत फोन गेले की डॉक्टरीणबाईंनी अण्णांना क्लीन चिट दिली.

सई लढली. ऋतुजा आतच असायची, दूध काढून द्यायची, हात धुऊन धुऊन तिचेही हात डॉक्टरीणबाईंसारखे झाले. ताप हळूहळू उतरला, लाली गेली, आणि एका दुपारी ऋतुजानं उचलल्यावर सई किंचाळली नाही, नुसती कुरकुरली. ती कुरकुर ऐकून मिलिंद भिंतीला टेकून रडला. मी त्याला रडू दिलं. टाळूवरून सोनोग्राफी झाली, ती बरी आली. घरी सोडताना बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. शीतून हा व्हायरस पुढे बरेच दिवस जात राहतो, तेव्हा लंगोट बदलला की प्रत्येक वेळी साबणानं हात. आणि दुसरी, जी सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण काहींच्या मेंदूला झालेली इजा नंतर कळते. कान तपासायला आणा. मान कधी धरते, कधी बसते, कधी चालते, बघत राहा.

मग आम्ही बघत राहिलो. पाळण्यामागे उभी राहून मी स्टीलची झाकणं पाडायची. सई दचकली की माझ्या जिवात जीव यायचा, आणि पुढच्या तासाला मला परत शंका यायची. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा वर आल्या, तुमच्या हाताला काही कंप वगैरे आहे का म्हणून विचारायला. पोर पालथी पडायला उशीर करते की काय, या विचारानं ऋतुजा वाळून गेली. तिला हसवायला मी नाना उद्योग केले, पण ती हसायची नाही. तिचं सगळं लक्ष त्या पोरीच्या मानेवर.

आणि याच दिवसांत कोपरखैरण्याला भावकीतल्या एका लग्नात मला एका बाईनं गाठलं आणि माझे हात धरून म्हणाली, "तुमची नात वाचली ती अण्णांमुळं, व्हय ना? त्यांची अंगठी तोंडात पडली हुती म्हणून तरली. अण्णा स्वतः सांगत होते आत्ता जेवताना." मी त्या टेबलाकडे बघितलं. अण्णा पाचवी जिलेबी खात होते आणि ऐकणारे पुढे वाकून ऐकत होते. माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान त्याला माहीत असतं की हे खोटं आहे. अण्णांना तेही माहीत नव्हतं. मी पहिल्यांदाच त्यांना नीट बघितलं असं मला वाटलं. एवढ्या साध्या, एवढ्या पोकळ माणसासाठी मी टेंगूळ आणून घेतलं होतं.

सईनं मान धरली, जरा उशिरा. बसली, वेळेवर. कान तपासले, छान. वाढदिवसाला ती टीपॉय धरून उभी राहिली आणि एक हात सोडून सगळ्यांकडे बघून ओरडली, तेव्हा डॉक्टरीणबाई असत्या तर त्यांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या असत्या. त्या वाढदिवसाला अण्णा बोलावल्याशिवाय आले. सोफ्यावर बसले आणि दोन्ही हात पुढे केले. "आण हिकडं आमची पोरगी."

मिलिंद सईला घेऊन उभा होता. तो जागचा हलला नाही. पंख्याकडेही बघितलं नाही त्यानं या वेळी. पण बोलणार तोही नव्हता, म्हणून मी बोलले. म्हटलं, "अण्णा, ती तुमच्याकडे येणार नाही. तुम्ही आजारी होता आणि सांगितलं नाहीत."

"मी? मी कधी आजारी हुतो?"

"बारशाला."

अण्णांनी सबंध खोलीकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या आक्काकडे. "काय गं, हुतो का मी?"

आक्काच्या हातात केकची प्लेट होती. ती म्हणाली, "होता."

अण्णा उठले. चप्पल घातली आणि गेले. आक्का केक संपवून, ऋतुजानं दिलेला चहा पिऊन सावकाश गेली. मी तिला साखर किती म्हणून विचारलं तेव्हा ती थोडा वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, दीड चमचा.

त्यानंतर अण्णा आमच्या घरी आले नाहीत. सई आता धावते, जिने चढते, शेजाऱ्यांच्या कुंडीतली माती खाते, आणि ऋतुजा तिला हात धुवायला लावते तेव्हा चार घरांना ऐकू जाईल असा दंगा करते. अण्णा मागच्या वर्षी गेले. त्यांचे पाय सुजत होते, दोन पायऱ्या चढले की दम लागत होता. कुणाला सांगितलं नाही. चपला लहान झाल्या म्हणाले आणि एक माप मोठ्या आणल्या. मग आणखी एक माप मोठ्या. दुकानदार खूश होता. डॉक्टरकडे नेलं तोवर हृदयाचं फार काही उरलं नव्हतं. डॉक्टरनं कधीपासून त्रास होतोय विचारलं तर म्हणाले, मला काय धाड भरलीया.

दहाव्याला मार्केटातली माणसं जमली होती. एकानं भाषणच केलं, की आमच्या अण्णांनी जन्मात एक गोळी खाल्ली नाही. लोकांनी माना डोलावल्या. मला त्या माणसाचा राग आला नाही, कीव आली. तीस वर्षांपूर्वी त्याच्या जागी मी उभी असते, पदरानं डोळे टिपत. मी आणि आक्का मागे भिंतीपाशी बसलो होतो. मी तिला विचारलं, शेवटी काही बोलले का.

आक्का म्हणाली, "म्हणाले, पाय जरा दाबून दे, लई दुखतंय. जन्मात पहिल्यांदा म्हणाले. मी दाबत बसले. मग डोळे उघडून म्हणाले, कुणाला सांगू नगंस."

ती पुढच्या माणसांच्या पाठींकडे बघत होती. भाषण चालू होतं.

"आणि तू मला सांगितलंस," मी म्हटलं.

"तुला सांगितलं," ती म्हणाली. "आता तू सांग सगळ्यांना."